बिनआवाजाचा डबा

"दादा, तुझा कॉम्प्युटर शिट्टी मारतो," धाकटी बहीण फोनवर म्हणाली आणि दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिट्टी! दुसरं काही म्हणाली असती तर त्याने ऐकून घेतलं असतं. पेटी काळीकुट्ट दिसते म्हणाली असती, जड आहे, टेबलावर जागा अडवते म्हणाली असती, तर हसून सोडून दिलं असतं. पण आवाज? जिचा एकेक भाग त्याने 'आवाज नको, आवाज नको' असा जप करत निवडला, ती पेटी शिट्टी मारते? आणि हे म्हणणार कोण, तर जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला तीच!

"शिट्टी तुझ्या कानात वाजत असेल," तो म्हणाला.

"आधी ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये!"

आतल्या खोलीतून त्याची बायको बाहेर आली ती या ओरडण्यामुळेच. तिने हाताने 'हळू' अशी खूण केली. दादाने तिच्याकडे पाठ फिरवली.

"आवाज तपासणाऱ्या बाईंनी दोन प्रकरणं परत पाठवलीत," धाकटी सांगत होती. "दोन्हींत मागे बारीक शिट्टी आहे म्हणतात. तिसरं असंच गेलं तर पुस्तक माझ्याकडून काढून घेणार. अरे, एवढं मोठं पुस्तक मला पहिल्यांदा मिळालंय. हातचं गेलं तर पुन्हा कोण विचारतंय मला? तू ये आणि बघ."

"येतो ना. येऊन दाखवतोच तुला," दादा म्हणाला आणि त्याने फोन पलंगावर फेकला.

आता ही धाकटी करते काय, ते सांगायला हवं. ती पुस्तकं वाचते. तुम्ही-आम्ही वाचतो तशी नव्हे. ती माइकसमोर वाचते, ते रेकॉर्ड होतं आणि लोक कानाला हेडफोन लावून, भाजी चिरता चिरता, गाडी चालवता चालवता ते ऐकतात. पूर्वी ती स्टुडिओत जायची. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिने झोपायच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटातच बस्तान बसवलं. टांगलेल्या कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून आत एक स्टूल, एक माइक आणि ती. दार पुरतं लावलं की जीव कोंडतो, म्हणून थोडी फट ठेवायची. फटीच्या बाहेर टेबलावर कॉम्प्युटर. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू झाला की पिठाची गिरणी परवडली, अशी गत होती. शिवाय वाचून झालं की खरं काम पुढेच असायचं. श्वास, तोंडाची चुटचुट, स्टुलाची करकर, हे सगळं प्रोग्रॅम लावून पुसायचं. ते पुसायला जुनं यंत्र इतकं रडायचं की भांडी घासून, कपडे वाळत घालून ती परत आली तरी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावरच.

म्हणजे तिला कॉम्प्युटर हवा होता वेगवान, आणि तरीही बिनआवाजाचा. या दोन गोष्टी म्हणजे दोन सवती. वेग वाढवला की आतली उष्णता वाढते, उष्णता वाढली की पंखे पिसाळतात आणि पंखे पिसाळले की शांततेचे बारा वाजतात. धाकटीच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे. तो सरळमार्गी माणूस म्हणाला होता, "कशाला खटाटोप? तयार चांगला मिळतो, आणून टाकू."

तयार! हा शब्द ऐकूनच दादाचं डोकं फिरलं होतं. गेली कित्येक वर्षं तो घरच्या घरी कॉम्प्युटर जोडत आलेला. मेव्हण्यांना, शेजाऱ्यांना, कामावरच्या लोकांना, ज्याला हवा त्याला. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्याहून जास्त त्याला पळवायचं, याला ओव्हरक्लॉक म्हणतात. त्यात तर दादा मुरलेला होता. आणि हे जावईबापू, ज्यांना स्क्रू कुठल्या बाजूने पिळायचा ते विचारावं लागतं, ते म्हणणार तयार आणू?

"जावईबापू, तुम्ही लोकांच्या नाकावर काचा बसवा. हे माझ्यावर सोडा," दादा म्हणाला होता, आणि जावई बिचारा हसून बाजूला झाला होता.

मग दादाने निवड सुरू केली. पेटी जाड पत्र्याची, आतून फोमचं अस्तर असलेली. काचेची दारं आणि रंगीत दिवे असलेल्या पेट्या दुकानदाराने पुढे केल्या, तर म्हणाला, "खेळणं घ्यायला आलोय का मी?" प्रोसेसर थंड ठेवायला तांब्याच्या नळ्यांचा, हातात मावणार नाही एवढा मोठा कूलर. पंखे दोनच, पण रुंद पात्यांचे, कारण रुंद पातं सावकाश फिरलं तरी हवा भरपूर ढकलतं. ग्राफिक्स कार्ड बिनपंख्याचं. फिरणारी डिस्क नकोच. पंख्यांच्या स्क्रूंखाली रबराच्या चकत्या, म्हणजे थरथर पत्र्यात उतरायला नको. हे सगळं त्याने असं निवडलं, जसं काही धाकटीचं पुन्हा लग्न ठरवतोय आणि या वेळी स्थळात खोट निघता कामा नये.

राहता राहिला पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्यांना वाटणारा ठोकळा. तो निवडताना दादाने कमाल केली. पार्टवाला त्याच्या ओळखीचा. दुकान कसलं, नुसती बोळकंडी, पण माणूस गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेणारा. त्याच्या काउंटरवर दादाने बोर्ड, प्रोसेसर, कूलर सगळं उघड्यावर जोडलं, वेग वाढवला आणि तीन ठोकळे आळीपाळीने लावून पाहिले. पुठ्ठ्याची नळी करून तिचं एक तोंड ठोकळ्यावर आणि दुसरं आपल्या कानावर. पहिला घूं करत होता. दुसऱ्याच्या पंख्याचं बेअरिंग खरखरत होतं. तिसऱ्याला नळी लावली आणि दादाचा चेहरा उजळला.

"मुका आहे रे हा! ठार मुका!"

पार्टवाल्याने तोंड वाकडं केलं. "दादा, याचा जरा बारीकसा..."

"गप. दिवसभर ठणाणा गाणी लावून बसतोस, तुला काय कळतंय? हाच बांध."

त्याने बांधून दिला. दादासारख्या गिऱ्हाइकाशी वाद घालायचा म्हणजे सकाळ वाया.

आणि दादाला स्वतःच्या कानांचा गर्व असायला कारणही होतं. तो कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसर हॉलमध्ये नोकरीला. तिथे अजस्र यंत्रं रात्रंदिवस धडधडत असतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि आतलं कुठलं बेअरिंग आजारी आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. कंपनीने कानांवर घालायला दिलेले रबरी डबे हॉलच्या दाराशी खिळ्याला लटकत. "कान झाकून यंत्राचं दुखणं कसं कळणार रे?" असं तो नव्या पोरांना सुनावायचा. अशा माणसाला चिमुरडी बहीण सांगणार, तुझा कॉम्प्युटर शिट्टी मारतो!

दादा हत्यारांची पिशवी घेऊन तिच्याकडे पोचला तो भांडायच्याच तयारीने. धाकटीने दार उघडलं. पाणी नाही, चहा नाही, सरळ आतल्या खोलीत नेऊन तिने कॉम्प्युटर सुरू केला.

"ऐक."

दादाने ऐकलं. खोली गप्प होती. पंखे इतके हळू फिरत होते की हात धरला तरच वारा कळावा.

"काय ऐकू?"

"हेच."

"हेच म्हणजे काय? इथे काही आहे का?"

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. "दादा, गंमत करू नकोस. माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"गंमत तू लावलीयेस! कान देऊन ऐकतोय मी. चिडीचूप आहे खोली. नवऱ्याने कान भरलेत ना तुझे? त्याला तयार आणायचा होता. आणला नाही म्हणून आता शिट्टी काढलीय."

"त्याचा काय संबंध? बाईंनी लिहून पाठवलंय."

"मग तुझा माइक बिघडलाय. नाहीतर तुझी ती ट्यूब."

त्याने ट्यूब बंद केली. फ्रिजची पिन उपटली. शेजारच्या खोलीतलं घड्याळ भिंतीवरून काढून गादीखाली कोंबलं. माइकची वायर बदलली, ती बदलताना धाकटीच्या दोन साड्या हँगरवरून पाडल्या आणि उचलल्याही नाहीत. प्रत्येक वेळी तो विचारायचा, "आता?" आणि ती दातओठ खाऊन म्हणायची, "आहे." शेवटी त्याने स्क्रूड्रायव्हर पेटीच्या पत्र्याला लावून मूठ कानामागे टेकवली. काही नाही. ठार मुका डबा!

"तू खोटं बोलतेयस," दादा म्हणाला.

धाकटीचा चेहरा लाल झाला. "मी? मी खोटं बोलते? माझं पुस्तक चाललंय हातातून, आणि मला हौस आली खोटं बोलायची? तुझी चूक कधी असूच शकत नाही, नाही का रे? लहानपणापासून बघतेय. सायकलची चेन तू उलटी बसवायचास आणि पडले मी, तर म्हणे मला चालवता येत नाही!"

"चेन बरोबर होती!"

"बरोबर होती तर गुडघा माझाच का फुटला?"

आता हे भांडण चेनीवर जाणार आणि तिथून कुठे कुठे जाणार हे दोघांनाही माहीत होतं. दादाला मात्र एक युक्ती सुचली. चोर पकडायचा तर रंगेहाथ पकडावा.

"ठीक आहे. तोंड कपाटाकडे कर. डोळे मीट. मी कॉम्प्युटर चालू-बंद करीन, तू सांगायचं. बघू तुझे कान."

ती तरातरा जाऊन कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. दादाने बटण दाबलं. "चालू," ती म्हणाली. त्याने बंद केला. "बंद." त्याने मुद्दाम बराच वेळ काहीच केलं नाही. "बंदच आहे," ती म्हणाली, "उगाच ताटकळत ठेवू नकोस." मग त्याने लबाडी केली. भिंतीवरचं बटण बंद ठेवून पेटीचं बटण नुसतं टक् करून दाबलं. "टक् वाजलं, पण चालू नाही झाला." तो घामाघूम झाला. मग त्याने आवाज न करता, भिंतीवरचं आणि पेटीचं अशी दोन्ही बटणं हळूच दाबून कॉम्प्युटर चालू केला. धाकटीच्या खांद्याला एक बारीकसा झटका बसला, थंड पाणी मानेवर पडावं तसा.

"चालू," ती म्हणाली. "आणि हा जास्त किंचाळतोय, कारण तू तो वेग वाढवायचा प्रोग्रॅमही आपोआप सुरू व्हायला लावून ठेवलायस."

ते खरं होतं. आणि असं खरं निघालं की दादाला जास्तच राग यायचा.

तेवढ्यात जावई दुकान बंद करून आला. बूट काढता काढता बाहेरूनच म्हणाला, "लावलात वाटतं कॉम्प्युटर? शिट्टी दारापर्यंत येते हो."

"या! तुम्हीच राहिला होतात!" दादा कडाडला. "दोघांनी मिळून ठरवलंय ना? नवरा-बायको मिळून माझा पाणउतारा करायचा. सांगा ना सरळ, तुमचं काम आम्हाला नको. मी उचलतो डबा आणि जातो!"

जावई खोलीच्या दारात उभा राहिला. त्याने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे.

"दादा, तुम्हाला खरंच येत नाहीये का ऐकू?" त्याने विचारलं.

"असेल तर येईल ना!"

"माझ्याकडे अशी माणसं रोज येतात," जावई हळूच म्हणाला. "समोर अक्षरांचा तक्ता असतो. खालची ओळ वाचा म्हटलं तर म्हणतात, तक्ता नीट छापलेला नाही. भांडतात. दुकानातला दिवा मंद आहे म्हणतात. त्यांना खोटं बोलायचं नसतं. त्यांना तो खरंच पुसट दिसतो."

हे ऐकून दादा आणखीच भडकला. "माझे कान? माझे? अहो, अख्खं कोल्ड स्टोरेज या दोन कानांवर चालतं! तुम्ही मला शिकवणार? काचा पुसणारे तुम्ही!"

"दादा!" धाकटी किंचाळली. "आता एक शब्द जास्त बोललास ना, तर बघ! इकडे ये. बस. बस म्हणते ना!"

बहिणीचा असा आवाज दादाने कधी ऐकला नव्हता. तो बसला, पण हाताची घडी घालून बसला.

तिने माइक सुरू केला, रिकाम्या खोलीतला आवाज थोडा रेकॉर्ड केला आणि त्याचं चित्र पडद्यावर उघडलं. काळा पट्टा, खाली पंख्यांचं फिक्कट धुकं, आणि बरंच वर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पट्टीने आखल्यासारखी पिवळी रेघ.

"खालचं हे धुकं मी गाळून टाकू शकते, ते माझ्या आवाजाच्या खाली आहे. ही रेघ बघ. ही माझ्या 'स' आणि 'श'च्या बरोबर मध्ये बसलीय. ही पुसायची तर माझा आवाजही पुसला जातो, बोबडी वाटते मी. कळलं? ही शिट्टी."

"रेघ दिसतेय. वाजव की मग."

"वाजतेय. मघापासून वाजतेय."

स्पीकरवर हिरवा दिवा होता. दादाने वाकून त्याच्या जाळीला कान चिकटवला. पंख्यांचं हुं तेवढं आलं. त्याने मान वर केली तर दोघंही त्याच्याकडे बघत होती आणि जावयाने डोळे बारीक केले होते, कुणी कानाशी टाचणी ओढावी तसे. तो चेहरा दादाने पाहिला. असा चेहरा मुद्दाम करता येत नाही.

मग धाकटीने असं काहीतरी केलं, जे फक्त तिच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावं. "आवाज सावकाश चालवला की सूरही खाली येतो," ती म्हणाली. "आता ऐक." तिने तोच तुकडा पाव वेगाने लावला.

आणि दादाला ऐकू आलं.

ईऽऽऽ. न थांबता, न हलता, पातेल्यावर खिळा ओढल्यासारखं. इतकं घाणेरडं, इतकं स्पष्ट की दादा खुर्चीतून अर्धा उठला. "हे?" तो म्हणाला. "हे वाजतंय इथे?"

"हेच. आता वेग वाढवते." तिने निम्मा केला. शिट्टी वर चढली, बारीक झाली, कुठून तरी लांबून आल्यासारखी. तिने पुरा केला. शिट्टी गेली. पडद्यावर रेघ तशीच पिवळीजर्द, आणि दादाच्या कानात काही नाही.

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. पुन्हा आली, चढली, आणि गेली. तो सारखा "पुन्हा लाव" म्हणत राहिला आणि ती लावत राहिली, आणि दर वेळी ती शिट्टी कुठे निसटते ते पकडायला तो पुढे वाकत राहिला. जावई केव्हा तरी उठून स्वयंपाकघरात गेला. हे बघत बसायला त्यालाच कसंतरी झालं.

बेअरिंग मरायला लागलं की आधी असंच बारीक किंचाळतं. गुरगुरतं ते फार नंतर. आणि हल्ली दादा कामावर सगळ्यांना सांगत होता, आजकालची बेअरिंगं आधी काही बोलतच नाहीत, एकदम बसतात, माल हलका येतो. किती जणांना सांगितलं होतं त्याने! पुरवठा करणाऱ्या माणसाला फोनवर शिव्या दिल्या होत्या. हे सगळं त्याला आता आठवलं. पण दादाच तो. स्वतःची चूक दिसली की तो आधी दुसऱ्यावर भडकायचा.

"त्या पार्टवाल्याला सोडत नाही मी," तो उठत म्हणाला. "त्याने ऐकलं होतं! तोंड वाकडं केलं होतं त्याने! सांगितलं का नाही?"

"आधी कुठला भाग वाजतोय ते तरी बघू," धाकटी म्हणाली.

दादाने पेटीचं दार काढलं, पुठ्ठ्याची नळी केली आणि सवयीने आपल्या कानाकडे नेली. मग मध्येच थांबला आणि तिच्या हातात दिली. एवढं करणं त्याला फार जड गेलं. धाकटीने एकेका भागापाशी नळी नेली. पंखा, नाही. कार्ड, नाही. ठोकळ्यापाशी आली आणि तिने नळी झटकन बाजूला केली. "हा!"

ठोकळा उपसून दोघं पार्टवाल्याच्या बोळकंडीत गेली. दादा चपला न काढताच काउंटरवर आदळला. "काय रे, मूर्ख बनवतोस मला? हा शिट्टी मारतो हे तुला माहीत होतं!"

"माहीत होतं," पार्टवाला म्हणाला. आज त्याचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. "सांगत होतो तुम्हाला. तुम्ही म्हणालात गप. तुम्ही कधी कुणाचं ऐकलंत दादा? मागच्या वेळीही मी म्हणालो होतो, हे घेऊ नका, तर माझी आईमाई काढलीत. लोक म्हणतात दादाचा स्वभाव तापट. मी म्हणतो, असेल. पण मी काय रोज उठून बोलणी खायला दुकान उघडतो?"

दादाने ठोकळा काउंटरवर ठेवला. धाकटी मध्ये पडली नाही. मघाशी ती आपल्या नवऱ्यासाठी भांडली होती, आता दादासाठी भांडायची तिची इच्छा नव्हती.

"दुसरे दाखवा," ती म्हणाली. "मी ऐकते."

पार्टवाल्याने दाखवले. काउंटरवर उघडा बोर्ड, त्याला ठोकळा जोडायचा, वेग चढवायचा. जोडायचं काम दादाचं, ऐकायचं तिचं. दादा पिना बसवायचा, बटण दाबायचा आणि तिच्या तोंडाकडे बघायचा. ती मान हलवायची, तो काढायचा. एका ठोकळ्याला तर तो न राहवून म्हणाला, "हा चांगला आहे की." ती नुसती म्हणाली, "नाही." तो काढला. आपण आता नुसते हात राहिलो, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याचा त्याला इतका संताप आला की एक पिन त्याने वाकडी केली. पार्टवाल्याने चिमट्याने ती सरळ करून दिली.

शेवटी आतल्या फळीवरून काढलेल्या एका जाडजूड, कुणी न मागणाऱ्या ठोकळ्यावर धाकटी बराच वेळ थांबली. "हा घेऊ," ती म्हणाली.

"नक्की ना?"

"घरी लावून बघू."

घरी दादाने तो बसवला. वायरी एकेक करून पत्र्यामागे दडवल्या, रबराच्या चकत्या घातल्या, पेटी बंद केली. जावई दारात उभा होता. त्याला काहीतरी म्हणायला हवं, हे दादाला कळत होतं, पण मघाचं 'काचा पुसणारे' परत घ्यायची त्याला सवय नव्हती. "जरा तो फ्रिज लावा, जावईबापू, माझ्या हातून बंद राहिलाय," तो म्हणाला. जावई गेला आणि फ्रिज लावून आला.

दादाने बटण दाबलं. वेग चढवला, पार टोकापर्यंत, प्रोसेसरला घाम फोडणारा प्रोग्रॅम लावला आणि मागे सरकला. तो पेटीकडे बघत नव्हता. धाकटी मध्ये उभी होती, डोळे मिटून. तिच्या कपाळावरची आठी जरा राहिली, मग सैल झाली. खांदे खाली आले. तिने लांब श्वास सोडला, कुणीतरी पिरगाळून धरलेला हात सोडावा तसा.

"गेली," ती म्हणाली. "गेली रे दादा. काहीच नाही आता."

"बघ नीट."

"बघितलं. एकदम शांत आहे."

जावयानेही मान डोलावली.

दादा कान टवकारून उभा राहिला. पहिल्या दिवशी ही पेटी इथे आणून ठेवली तेव्हा खोली जशी होती, तशीच ती आत्ताही होती. काल, आज सकाळी, मघाशी ते सगळे भांडले तेव्हाही अशीच होती. काही गेलं नव्हतं, कारण त्याच्यासाठी काही आलंच नव्हतं. त्याला भयंकर राग आला होता, आणि तो राग काढायला खोलीत कुणीच उरलं नव्हतं.

"मला काही फरक कळत नाहीये गं," तो म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. "तू सांगतेस म्हणून मानायचं."

धाकटीचा राग अजून पुरता उतरला नव्हता. तिने खाली पडलेल्या साड्या उचलून हँगरवर घातल्या.

"मग मान," ती म्हणाली, आणि तिसरं प्रकरण घेऊन कपाटात शिरली. दादा बाहेर खुर्चीवर बसला. तिने फटीपुरतं दार ओढून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली, आणि तो पुढे वाकून तिचा एकेक शब्द पकडू लागला.